शेवटच्या पानावरचं पाणी

मी नांदेडला कॉलेजात होतो तेव्हा वर्षातून एकदा पुस्तकांची गाडी यायची. बसपेक्षा थोडी लहान, निळ्या रंगाची. बाजूचे पत्रे वर उचलले की आत फळ्या आणि फळ्यांवर पुस्तकं, सगळी रशियातून आलेली. जाड पुठ्ठा, पांढराशुभ्र कागद आणि आम्हालाही परवडेल अशी किंमत. वरच्या फळ्यांवर गणित, यंत्रशास्त्र आणि नेत्यांची भाषणं असायची, खालच्या फळीवर कादंबऱ्या. थोडी पुस्तकं मराठीत असत, बहुतेक हिंदीत. शाळेची सोडली तर आमच्यासारख्या कितीतरी मुलांच्या घरात शिरलेली पहिली पुस्तकं हीच. माझ्या घरी त्याआधी छापील कागद म्हणजे एक पंचांग होतं, तेही दोन वर्षांपूर्वीचं.

बाबा लातूरच्या मार्केट यार्डात हमाल होते. आमचं गाव चाकूरजवळ. तिथे शाळा सातवीपर्यंतच, म्हणून मला कंधारला मामाकडे ठेवलं होतं. कंधारच्या हायस्कुलात मला एक सर भेटले. मी पदवीधर झालो तो त्यांच्यामुळे. कॉलेजचा अर्ज त्यांनीच भरला. पालकाच्या सहीच्या जागी बाबांचा अंगठा हवा होता, तर सर स्वतः एसटीने लातूरला आले आणि पोत्यांच्या थप्पीजवळ उभं राहून त्यांनी तो अंगठा घेतला. बाबांनी आधी हात धोतराला तीनदा पुसला होता. हे मी कुणापुढे फारसं बोललेलो नाही, पण इथे लिहायला हवं, कारण पुढे मी जे केलं ते अशा माणसाच्या बाबतीत केलं.

सर निवृत्त होऊन नांदेडला राहायला आले तेव्हा मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. त्या वर्षी गाडी आली तेव्हा आम्ही बरोबरच गेलो. सरांनी खालच्या फळीवरून एक जाड हिंदी कादंबरी उचलली, चार पानं उलटली आणि गाडीच्या पायरीवरच बसले. मला वाटलं चक्कर आली. ते म्हणाले, "अरे, ही मी वाचलेली हाय. हैदराबादला. उर्दूत."

त्या कादंबरीचं नाव मी देत नाही. उर्दूत एक होतं, हिंदीत दुसरं, आणि आम्ही मराठीत तिसरंच दिलं. मी तिला नुसती कादंबरीच म्हणतो. तिकडे क्रांती होऊन थोडीच वर्षं झाली होती तेव्हा ती लिहिली गेली. साठ वर्षांनंतरच्या जगाची कल्पना होती. नद्या आटल्या आहेत. उत्तरेकडचा बर्फाचा डोंगर प्रचंड आरशांनी वितळवायचा आणि ते पाणी हजार मैलांच्या नळातून कोरड्या मैदानावर आणायचं, असं काम चाललं आहे. तीत विमानं हवेत एका जागी उभी राहतात, भिंतीतून माणसांचे आवाज येतात. नळावर दर पन्नास मैलांना एक ठाणं. अगदी शेवटच्या ठाण्यावर एका शेतकरणीची मुलगी नेमलेली. तिची यंत्रं एकेक करून बंद पडतात, वरून निरोप येईनासे होतात, आणि शेवटी ती रोज सकाळी नळाला कान लावून बसते.

सरांनी उर्दू तर्जुमा वाचला तो निजामाच्या काळात, हैदराबादला शिकताना. तो करणारा हैदराबादचाच कुणीतरी होता, आणि त्याने त्या मुलीच्या तोंडी दखनी घातली होती. बाकीचे शास्त्रज्ञ शुद्ध उर्दू बोलत, ही एकटी दखनी. शेवटच्या पानावर ती कान लावते आणि तिथे कुणी नसताना म्हणते, "पानी आरा." पाणी येतंय. तिथे कादंबरी संपते. तो आवाज पाण्याचा होता की तिच्याच कानातल्या रक्ताचा, ते लेखकाने सांगितलेलं नाही. सर म्हणायचे, सगळी कादंबरी त्या दोन शब्दांसाठी आहे. त्यांची प्रत पुढे निजामाचं राज्य गेलं त्या धामधुमीत कुणाकडे तरी गेली ती गेलीच. पण शेवटचं पान त्यांना पाठ होतं.

गाडीतली हिंदी कादंबरी मात्र त्या पानावर संपत नव्हती. पुढे अकरा पानांचं आणखी एक प्रकरण होतं. त्यात तोट्या उघडतात, बँड वाजतो, झेंडे फडकतात, समितीचे अध्यक्ष भाषण करतात आणि त्या मुलीला पदक मिळतं. सुरुवातीच्या निवेदनात एवढंच होतं की मूळ लेखकाच्या काळातल्या काही निराशेच्या जागा या आवृत्तीत सुधारल्या आहेत. लेखक तोवर वारला होता. मधली पुष्कळ वर्षं ती कादंबरी तिकडे छापलीच गेली नव्हती, असंही सरांना कुणाकडून तरी कळलं. सर पक्के डाव्या विचारांचे. तरुणपणी मोर्चात मार खाल्लेले. म्हणून त्यांना हे जास्तच लागलं. त्यांनी गाडीवरच्या पत्त्यावर दोन पानी पत्र लिहिलं. तीन महिन्यांनी उत्तर आलं. गुळगुळीत कागदावर आभार मानले होते आणि सोबत एक सुंदर कॅलेंडर होतं. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, ते स्वयंपाकघरात लावलं. म्हणाल्या, "एवढ्या लांबून पाठवलं बिचाऱ्यांनी. तुम्ही भांडून राहिलात अन् ते तारखा धाडून राहिले."

त्याच सुमारास सरांना काचबिंदू असल्याचं निघालं. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती हळूहळू जाईल. सरांनी मला बोलावलं आणि म्हणाले, कादंबरीचा मराठी तर्जुमा तू कर. हिंदीवरून कर, शेवट मी सांगतो. ते खरं पान आता फक्त माझ्या डोक्यात आहे. मी गेलो की गेलं. एकदा छापून निघालं म्हणजे मी मोकळा.

मी होकार दिला. त्या माणसाने काहीही सांगितलं असतं तरी दिला असता.

एवढ्यात लातूर वेगळा जिल्हा झाला आणि मला नव्या कलेक्टर कचेरीत कारकुनाची नोकरी लागली. घराण्यातली पहिली सरकारी नोकरी. आई सगळ्या गल्लीत साखर वाटत फिरली. उस्मानाबादेहून ट्रकमधून कपाटं आणि फायलींच्या ट्रंका येत होत्या, खुर्च्या कमी होत्या, दोघा-दोघांत एक टेबल. आणि पाऊस नव्हता. मला टंचाई शाखा दिली. कोणत्या गावाला टँकर गेला, कोणत्या गावाला गेला नाही, कुठली विहीर ताब्यात घेतली, कुठे बोअर कोरडं निघालं, याच्या नोंदी करायच्या. सकाळी साडेदहाला बाहेर बायका हंडे घेऊन बसलेल्या असत. त्या काही मागत नसत. आम्ही येताना-जाताना बघत असत. संध्याकाळी खोलीवर आलो की भाकरी खायचाही कंटाळा यायचा.

जेवणाच्या सुट्टीत मी कादंबरी मराठीत आणायचो. जुन्या जिल्ह्याच्या बाद झालेल्या छापील फॉर्मांच्या पाठीमागे लिहायचो. दर दुसऱ्या रविवारी पहाटेची एसटी पकडून नांदेडला जायचं, लिहिलेलं सरांना वाचून दाखवायचं, त्यांनी सांगितलेले बदल करायचे आणि चारच्या गाडीने परत फिरायचं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी रानं भेगाळलेली. कादंबरीतलं भविष्य जवळपास आमच्याच काळाचं होतं, फक्त विमानं उभी राहत नव्हती. हे मी एकदा सरांना म्हटलं. ते हसले नाहीत. म्हणाले, पुढचं वाच.

काकू मधूनच डोकावायच्या. त्यांच्या गल्लीत दिवसाआड नळ, तोही अर्धा तास. "झालं का तुमच्या त्या नळाचं?" त्या विचारायच्या. "कुठवर आलं पाणी?"

"पाचशे मैलांवर," सर म्हणायचे.

"मग येईल निवांत. तोवर ह्याला सांगा, दोन घागरी भरून दे."

मी उठून घागरी भरायचो. सर तेवढ्यात डोळ्यांत औषध घालून घ्यायचे.

एक कबुली इथेच देतो. त्या जोडलेल्या अकरा पानांचा अनुवाद मी सगळ्यात भराभर केला होता. सरांनी नको म्हटलं असतानाही केला. बाकीची प्रकरणं अडखळत व्हायची, हे दोन सुट्ट्यांत झालं. अध्यक्षांचं भाषण मला पाठच असल्यासारखं होतं. नव्या जिल्ह्याच्या उद्घाटनाच्या मांडवात मी तसली पाच भाषणं ऐकली होती. सरांना वाचून दाखवलं तेव्हा ते शेवटपर्यंत शांतपणे ऐकत राहिले. मग म्हणाले, "छान उतरलंय. फाडून टाक." मी फाडलं नाही, ट्रंकेत ठेवलं. हाताने केलेलं काम फाडवत नव्हतं.

शेवटच्या पानावर आमचं अडलं. मी लिहिलं होतं, 'पाणी येत आहे.' सर म्हणाले, ही त्या मुलीची बोली नाही. ती शेतकरणीची लेक आहे. हैदराबादच्या माणसाने तिला आपल्या गल्लीची भाषा दिली, आपण आपल्या गल्लीची देऊ. नांदेडची बाई काय म्हणेल?

मला माहीत होतं काय म्हणेल. माझी आई तेच म्हणायची, मामी तेच म्हणायची. पण ते पुस्तकात लिहायची माझी तयारी नव्हती, आणि त्याला कारण होतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षी प्राध्यापकांनी विचारलं होतं, मागच्या बाकावर काय चाललंय? मी उभा राहिलो आणि म्हणालो, "सर, मी लिहून राहिलो." ते पश्चिम महाराष्ट्रातले होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "लिहून कुठे राहिलात? वसतिगृहात?" वर्ग हसला. नंतर वर्षभर मला 'कुठे राहिला' म्हणून हाक मारत. आमच्याकडे 'लिहून राहिलो' म्हणजे लिहितो आहे. त्यांच्या कानाला ते 'लिहिलं आणि मग राहिलो' असं ऐकू येतं. त्या दिवसापासून मी ती बोली तोंडातून काढून टाकली. घरीसुद्धा 'करतो आहे, जातो आहे' म्हणू लागलो. बाबा एकदा आईला म्हणाले होते, पोरगं पाहुण्यासारखं बोलायला लागलं.

सरांनी थांबून पुन्हा विचारलं. मी हळूच म्हणालो, "पाणी येऊन राहिलं."

"बस. हेच लिही."

मी लिहिलं. त्यांनी कागद डोळ्यांशी अगदी समोर धरला, हळूहळू सरकवला आणि ते तीन शब्द वाचले. तोवर त्यांना कडेचं दिसत नव्हतं, मधलं तेवढं दिसत होतं. "आता लवकर छापून घे," ते म्हणाले. "मला डोळ्यांनी बघायचंय."

छापखाना लातूरचा. मालक सरांचा कंधारचाच विद्यार्थी, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं छापायचा. सरांचं नाव काढल्यावर त्याने कागद दिला, छपाई दिली, आणि मला 'कलेक्टर साहेब' म्हणून चिडवण्याचा हक्क घेतला. मुद्रितं तपासायला त्याने एक काका आणले. ते पुण्याच्या छापखान्यात आयुष्यभर हेच काम केलेले, निवृत्तीनंतर लातूरला लेकीकडे राहायला आलेले. फार सज्जन माणूस. माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या शेकडो चुका त्यांनी काढल्या आणि एकदाही टोचून बोलले नाहीत. उलट म्हणाले, हमालाच्या मुलाने एवढं काम केलं, कौतुक आहे. ते मनापासून म्हणाले होते.

शेवटच्या फर्म्याचं, म्हणजे शेवटच्या सोळा पानांचं, मुद्रित घेऊन मी ऑफिसातून जेवणाच्या सुट्टीत गेलो. काकांनी शेवटच्या ओळीला लाल शाईने वेढा घातला होता.

"हे 'पाणी येऊन राहिलं' म्हणजे पाणी आलं आणि टिकलं, असंच ना?" त्यांनी विचारलं. "शेवट गोड झाला म्हणायचा. मग ते नीट लिहू. 'पाणी आले आणि राहिले.' वाचकाला अडखळायला नको."

छापखान्यात खिळे जुळवणारा जुळारी होता, मालक होता, मालकाचा एक ओळखीचा वकील चहा पीत बसला होता. मला फक्त एवढंच सांगायचं होतं की काका, ही आमची बोली आहे, याचा अर्थ पाणी अजून यायचं आहे. पण डोळ्यांसमोर कॉलेजातला तो प्राध्यापक उभा राहिला आणि सगळा वर्ग.

मी म्हणालो, "हो."

काकांनी लाल शाईने बदल केला. जुळाऱ्याने खिळे हलवले. मी टंचाई शाखेत परत आलो आणि दुपारभर टँकरच्या खेपा लिहीत बसलो. मनाची समजूत घातली की एका ओळीने काय होतं. अकरा पानं तर आपण घातली नाहीत.

पुस्तक बांधून झालं तेव्हा उन्हाळा होता. पहिली प्रत घेऊन मी नांदेडला गेलो. सरांनी ती हातात घेतली, पुठ्ठ्यावरून बोटं फिरवली, नाकाशी नेली. आता त्यांना खिडकी कुठे आहे एवढंच कळत होतं. डोळ्यांनी बघायचं राहूनच गेलं होतं. ते म्हणाले, शेवटचं पान वाच.

मी पान उघडलं. छापलेलं होतं, 'पाणी आले आणि राहिले.' मी वाचलं, "पाणी येऊन राहिलं."

सरांनी हात पुढे करून पुस्तक परत घेतलं. त्यांनी काकूंना हाक मारली आणि म्हणाले, "झालं हो काम." काकू हात पुसत आल्या, त्यांनी माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. तो मी तोंडात टाकला. चार वाजता बस होती. त्या बसमध्ये मला उलटी झाली. शेजारचा माणूस म्हणाला, ऊन लागलं असेल.

दीड महिन्याने काकूंच्या अक्षरात पोस्टकार्ड आलं. सरांनी बोलावलं आहे, रविवारची वाट पाहू नये. मी रजा टाकून गेलो. सर खाटेवर बसले होते आणि त्यांच्या शेजारी दुसरं एक पत्र होतं. चाकूरच्या एका शिक्षकांनी पुस्तक वाचून त्यांना लिहिलं होतं. काकूंनी ते त्यांना वाचून दाखवलं होतं, आता मला वाचायला दिलं. त्या शिक्षकांनी फार चांगलं लिहिलं होतं. दुष्काळात वाचताना जीव कोंडला होता, पण शेवटी पाणी आलं आणि राहिलं हे वाचून मोठं समाधान वाटलं, असं होतं. त्यांनी ती ओळ जशीच्या तशी अवतरणात घातली होती.

सर म्हणाले, "पुस्तक घे. शेवटचं पान वाच. छापलंय तसं वाच."

मी वाचलं.

"मुद्रितावर पाहिलं होतंस?"

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"लाज वाटली."

"कशाची?"

"आपल्या बोलण्याची."

काकू दारात उभ्या होत्या, त्या आत निघून गेल्या. सर रागावले असते तर बरं झालं असतं. ते थकलेल्या माणसासारखे बोलले. म्हणाले, "तिकडं ज्यानं ती अकरा पानं जोडली, त्याला वरून हुकूम असंल. नोकरी गेली असती, कदाचित जीवही. त्याचं मी समजू शकतो. तुला कुणाचा हुकूम होता?"

छापखान्यातल्या त्या काकांनी हुकूम केला नव्हता, त्यांनी तर विचारलं होतं.

थोड्या वेळाने सरांनी व्यवहाराचं विचारलं. किती छापल्या, किती बाहेर गेल्या. पाचशे छापल्या होत्या, साठेक बाहेर गेल्या होत्या, बाकी छापखान्यात बांधून पडल्या होत्या. "मग हातानं दुरुस्त कर," ते म्हणाले. "सगळ्या. बाहेरच्यासुद्धा."

पंधरा दिवस मी ऑफिस सुटल्यावर छापखान्यात बसलो. गठ्ठा सोडायचा, शेवटचं पान काढायचं, ओळीवर रेघ मारायची, वर लिहायचं 'पाणी येऊन राहिलं', आणि शाई वाळेपर्यंत पुस्तक उघडं ठेवायचं. बाकड्यावर, फरशीवर, यंत्रावर, सगळीकडे उघडी पुस्तकं. तिसऱ्या दिवशी मालक हसायला लागला. मला कळेना का. त्याने पानावर बोट ठेवलं. प्रत्येक दुरुस्तीच्या बाजूला समासात मी माझी छोटी सही केली होती. कचेरीत खाडाखोड केली की बाजूला सही करावी लागते, नाहीतर कागद ग्राह्य धरत नाहीत. हाताला तेच वळण लागलं होतं. तोवर दीडशे प्रती झाल्या होत्या.

"साहेब, तारीख पण टाका," तो म्हणाला. "अन् शिक्का मारा. म्हणजे पाणी मंजूर."

उरलेल्यांवर सही करायची नाही असं ठरवलं, पण मग काही प्रतींवर आहे, काही प्रतींवर नाही, हेही बरं दिसेना. सगळ्यांवर केली. प्रूफ तपासणारे काका मधे एकदा आले. मी त्यांना या वेळी सगळं सांगितलं. ते खाली बसले आणि म्हणाले, "अहो, तेव्हाच सांगायचं होतंत. मला काय, मी नवीन शब्द शिकलो असतो." मग त्यांनीही शंभरेक प्रतींवर लाल शाईने सुंदर अक्षरात ती ओळ लिहून दिली, आणि त्या शंभरांवरही सही मात्र मलाच करायला लावली.

नंतर बाहेरच्या साठ. त्यांच्यासाठी मी आठ-नऊ महिने हिंडलो. टंचाईच्या कामाने तालुक्यांना जावंच लागे, पिशवीत पेन ठेवायचो. कंधारला शाळेच्या कपाटात दोन होत्या, तिथल्या शिपायाने मला ओळखलं आणि चहा दिला. चाकूरच्या त्या शिक्षकांनी आपली प्रत दिली, पण दुरुस्ती वाचून त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे आलं नव्हतं होय," एवढंच म्हणाले. दर खेपेला मी नांदेडला आकडा कळवायचो. चाळीस झाल्या, पन्नास झाल्या. काकू सरांना म्हणाल्या होत्या, प्रत्येक पुस्तकावर ह्याची सही हाय, लेखकाची नाही, ह्याची. सर म्हणाले, असू द्या, चूक पण त्याचीच हाय.

शेवटी एक राहिली, मुरुडच्या वाचनालयातली. तिथले ग्रंथपाल पांढरी टोपी, जाड चष्मा. पुस्तक समोर आणून ठेवलं, पण मी पेन काढल्यावर त्यांनी ते उचलून छातीशी धरलं. वाचनालयाच्या पुस्तकावर कुणालाही लिहिता येणार नाही. मी म्हणालो, हे मीच मराठीत आणलं आहे. ते म्हणाले, असेल, आता ते वाचनालयाचं आहे. हवं तर अर्ज द्या, कार्यकारिणीपुढे ठेवतो. मी कारकून माणूस. तिथेच बसून अर्ज लिहिला, विषय, संदर्भ, सगळं घालून. त्यांनी आवक क्रमांक टाकला. दोन महिन्यांनी गेलो तर कार्यकारिणीची बैठक झालेली नव्हती. पुढच्या वेळी ग्रंथपाल म्हणाले, बैठक झाली, विषय घेतला, पण सभासदांचं म्हणणं पडलं की पुस्तक आहे तसंच राहू द्यावं. गावात लोकांना ते आवडतं. एकीने दोनदा नेलं.

मी तसाच मुरुडहून नांदेडला गेलो. प्रवास लांबचा, दोन बस बदलल्या. सर खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. आता त्यांना खिडकीही कळत नव्हती. मी सांगितलं की एकोणसाठ झाल्या, एक होत नाही. अर्ज, कार्यकारिणी, आवक क्रमांक, सगळं सांगितलं. ग्रंथपाल पुस्तक छातीशी धरतात तेही सांगितलं. म्हणालो, मी पुन्हा अर्ज करतो, हवं तर पुस्तक बदलून देतो.

सरांनी विचारलं, मुरुडला यंदा पाणी कसं आहे? मी सांगितलं, टँकरवर आहे, दोन खेपा.

"मग राहू दे तिथली," ते म्हणाले. "एका गावात राहिलं म्हणायचं."

ते थट्टेने म्हणाले की थकून, मला कळलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून आता काही कळत नसे. मी विचारलंही नाही. काकूंनी आतून विचारलं की तू आज मुक्काम करणार की जाणार, त्याप्रमाणे भाकरी टाकते. उद्या ऑफिस होतं. मी म्हणालो, जाऊन राहिलो काकू, चारची गाडी हाय.